खट-खट नेमकी कुठून?

आजची अख्खी सकाळ जुन्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी गेली. बारीक खड्ड्यांवर हळू चालवली की डावीकडून खट-खट, मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र चिडीचूप. शॉकअप गेले, असं घरातल्या सगळ्या तज्ज्ञांचं मत. मला ते पटेना. शॉकअप गेले की गाडी डोलते, बहुतेकदा तेलही ओघळलेलं दिसतं. इथे सगळं कोरडं ठणठणीत.

जॅक लावला, खाली स्टँड दिला आणि चाक हलवून बघितलं. वर-खाली धरून खेळ (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा) किंवा बेअरिंगचा संशय, आडवं धरून लागला तर टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांडीचा. दोन्हीकडे घट्ट! लिंक रॉड, म्हणजे अँटी-रोल बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी, तोही शहाण्यासारखा गप्प. पण एकच चाक उचललं की अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) पिळला जातो, लिंक रॉडवर ताण येतो आणि त्याचा ढिला सांधा लपून बसतो.

म्हणून गाडी परत चारही चाकांवर उतरवली. इंजिन बंदच. भावाला म्हटलं, "छपराला धरून आडवी झुलव." लिंक रॉड चिमटीत धरला, तर प्रत्येक झोक्याला बोटांना टक्-टक् लागायला लागलं. सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं, आत ग्रीसऐवजी तांबडी गंजाची पूड.

"दादा, सापडलं का रे? हात दुखले माझे!"

आता दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलणार. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग उसळल्यासारखा 'टण्ण' येतो, तो वेगळाच. बहुधा स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या बेअरिंगचा. त्याला पुढचा रविवार.