तुम्ही विचारलेत म्हणून: त्या वस्तू मी परत का करत नाही

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कपाटाच्या खालच्या फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडतो, आतल्या चिठ्ठ्या, फोटो आणि तिकिटे पाहून हरखतो आणि चहा संपेपर्यंत हमखास विचारतो, की जुन्या पुस्तकांत सापडलेल्या या वस्तू तुम्ही ज्यांच्या त्यांना परत का करत नाही? सूर प्रेमळ असतो, पण त्यामागे मी कुणाचे तरी दाबून बसलो आहे असा संशयही असतो. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

यांतल्या बहुतेक वस्तूंना पत्ताच नसतो. पिंपळाच्या पानाची जाळी, पिल्ले होतील या आशेने कुणी पोराने दडवलेले मोरपीस, दसऱ्याच्या सरस्वतीपूजनानंतर वहीऐवजी पुस्तकात राहून गेलेले आपट्याचे पान, हे कुणाच्या दारात नेऊन द्यायचे? एका पुस्तकात मला मुंबईच्या ट्रामचे तिकीट मिळाले. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. तेव्हा तो वाचक त्याआधीच केव्हातरी त्या पानापर्यंत पोचला असणार. तिथवर प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, पुढे एकही नाही. त्याला मी काय परत करायचे, तिकीट की उरलेले पुस्तक?

हे उत्तर खरे आहे, पण ते पळवाटेसारखे ऐकू येते हेही मला कळते, कारण काही वस्तूंना पत्ता असतो. अशी एक वस्तू मी परत केली होती.

पुण्याच्या जुन्या बाजारात, २००९ सालच्या एका रविवारी, मी एक सार्थ ज्ञानेश्वरी घेतली. तेव्हा मला एक सवय होती, आणि तिचा आज मला राग येतो: घरी आल्यावर पुस्तक उलटे धरायचे आणि झटकायचे. त्यातून एक आंतरदेशीय पत्र पडले, निळे, तीन घड्यांचे, कडा चिकटवलेले. शिक्का १९८४ चा, मिरजेचा. पत्र पुण्याच्या एका गृहस्थांच्या नावे होते. पाठीमागे पाठवणारीचे सासरचे नाव आणि मिरजेचा पत्ता होता. 'ती. बाबांस' एवढे घडीच्या फटीतून दिसत होते. पत्र कुणीही उघडलेले नव्हते. मीही उघडले नाही, आणि या सज्जनपणाचा मला इतका अभिमान वाटला, की टपालाने न पाठवता मी ते घेऊन स्वतः मिरजेला गेलो. पंचवीस वर्षे अडकलेले पत्र आपल्या हातून मार्गी लागणार, असे काहीतरी त्या वेळच्या माझ्या डोक्यात होते. ते मार्गी लागायचे असेल तर पुण्यातल्या त्या गृहस्थांकडे, पाठवणारीकडे नव्हे, इतके साधेही त्या माणसाला सुचले नाही. ते गृहस्थ हयात नसावेत, नाहीतर त्यांची पोथी बाजारात आली नसती, असा त्याचा युक्तिवाद होता. तो बरोबर निघाला, एवढेच.

घर तेच होते. बाईंनी दार उघडले, पाट्यावरून हात पुसत आल्या होत्या. मी पत्र पुढे केल्यावर त्यांनी आधी स्वतःचे अक्षर ओळखले, मग चिकटलेल्या कडेवरून बोट फिरवले.

"म्हणजे हे त्यांना मिळालं होतं?" त्यांनी विचारले.

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "हो काकू, त्यांच्या ज्ञानेश्वरीतच होतं."

त्यांनी मला बसायला सांगितले, चहा केला. त्या रडल्या नाहीत. कप ठेवताना म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतरचं. टपालात गहाळ झालं, असंच मी धरून चालले होते." आणि थोड्या वेळाने, "ते रोज वाचायचे ती. कोणत्या अध्यायात होतं?"

मला सांगता आले नाही, कारण मी ते झटकून पाडले होते.

निघताना त्यांनी पत्र माझ्याच हातात दिले. "तुम्हीच ठेवा. तुम्हाला हौस आहे ना." यात टोमणा होता की विनंती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. काही जण म्हणतात, सत्य कळले हे बरेच झाले. असेल. पण ते सांगणारे कुणी त्या स्वयंपाकघरात बसलेले नव्हते.

आता मी पुस्तक झटकत नाही. एकेक पान उलटतो, वस्तू जिथे मिळेल त्या पानाचा आकडा पाकिटावर पेन्सिलीने लिहितो आणि ती डब्यात ठेवतो. याला कुणी भित्रेपणा म्हटले तर मी वाद घालत नाही. कधी कधी तो शब्द मीच वापरतो.

मिरजेहून परतल्यावर मी ती ज्ञानेश्वरी पहिल्या पानापासून तपासली. जुन्या पुस्तकात एखादा कागद वर्षानुवर्षे पडून राहिला, तर त्याच्या आकाराचा तपकिरी चौकोन समोरासमोरच्या पानांवर उतरतो. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा तर फारच ठळक. आंतरदेशीय पत्राच्या मापाचा फिकट चौकोन मला एकदा नव्हे, दोनदा मिळाला: नवव्या अध्यायात एक आणि बाराव्यात एक. त्यातला एखादा दुसऱ्याच कागदाचा असू शकेल. किंवा वाचन पुढे सरकेल तसे ते पत्रही पुढे सरकत होते, न उघडता, खूण म्हणून. किंवा नुसती खूण म्हणून नव्हे.

हे मी त्यांना कळवलेले नाही. दोनदा कार्ड लिहायला घेतले. पत्ता तेवढा लिहून झाला आहे. ती कार्डेही त्याच डब्यात आहेत.