हिपिंगचे नऊ आठवडे आणि एक कोरा रकाना

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी मी अॅल्युमिनात (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) आकारमानाने १५ टक्के झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) घालून सिरॅमिकच्या पट्ट्या केल्या. दळणं, दाबणं, १५०० अंशांवर सिंटरिंग (भाजून पावडरचे कण जोडणं), सगळं महिन्याभरात उरकलं. उरलं फक्त हिपिंग, म्हणजे हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग. १४५० अंश तापमानात आर्गॉन वायू चहूबाजूंनी १५० एमपीए दाब देतो, वातावरणाच्या जवळपास दीड हजार पट. आतली छिद्रं मिटली की तडा सुरू व्हायला जागा उरत नाही आणि ताकद वाढते.

यंत्र दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात. त्यांनी फॉर्म तीनदा परत पाठवला. आधी विभागप्रमुखांचा शिक्का पुसट म्हणून, मग लेटरहेड जुनं म्हणून, शेवटी बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) पूर्ण जळाल्याचं पत्र नाही म्हणून. हे शेवटचं कारण रास्त होतं, उरलेल्या बाइंडरने भट्टी खराब होते. पण नऊ आठवडे गेले. आणि त्याच फॉर्मवर ‘उघडी सच्छिद्रता’ (पृष्ठभागापर्यंत उघडणारी छिद्रं किती) हा रकाना मी तिन्ही वेळा कोरा सोडला होता, तो कुणालाच खटकला नाही! शिक्का दिसला, रकाना दिसला नाही. याचा राग अजून जात नाही.

पट्ट्या परत आल्या तेव्हा घनता ३.९१ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे हिपिंगने काहीच वाढली नव्हती. छिद्रं पृष्ठभागापर्यंत उघडी असली की आर्गॉन त्यांतच शिरतो. आतबाहेर सारखाच दाब, मग ती मिटणार कशी? पैसे मात्र पूर्ण गेले.

चूक माझीही होती. मी पट्टी कोरडी आणि पाण्यात टांगून, अशी दोनच वजनं घेतली होती. त्यातून घनता ४.१२ आली, म्हणजे एकही छिद्र नसताना जेवढी असेल तिच्या ९६ टक्के, आणि मी खूश. पण त्या हिशोबात उघडी छिद्रं धरलीच जात नाहीत. पाण्यात उकळून, ओल्या फडक्याने टिपून तिसरं वजन घ्यायलाच हवं. ते घेतल्यावर खरा आकडा कळला: ३.९१, म्हणजे ९१ टक्के, त्यात पाच टक्के उघडी छिद्रं. अॅल्युमिनात ९२-९३ टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच छिद्रं बंद व्हायला लागतात.

पुढची खेप १५५० अंशांवर भाजली, उघडी सच्छिद्रता जवळजवळ शून्य. हिपिंगनंतर ४.२७. तो आकडा मी तीनदा मोजला.

एक सांगायचं राहिलं: पट्ट्या काळपट होऊन येतात, घाबरू नका. ग्राफाइटच्या भट्टीत झिर्कोनियातला ऑक्सिजन कमी होतो. हवेत १००० अंशांवर काही तास ठेवल्यावर माझ्या पुन्हा पांढऱ्या झाल्या.