व्हॅम्पायर १:७२ – नाकावरच्या रेषा का बुजवल्या

डी हॅविलंड कंपनीच्या व्हॅम्पायर या जुन्या जेट लढाऊ विमानाच्या १:७२ मापाच्या (मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) मॉडेलचे काम आता प्राइमरपर्यंत, म्हणजे रंगाआधीच्या थरापर्यंत आले आहे. दोन्ही बूम (पंखांपासून मागे जाऊन शेपटी धरणारे लांब दांडे) समांतर राहावेत म्हणून आलेखाच्या कागदावर पुठ्ठ्याच्या खाचा चिकटवून घेतल्या आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत मॉडेल त्यातून हलवले नाही. एवढे सोडले तर जोडणीत विशेष काही नव्हते. खरा वेळ घेतला तो नाकाने.

माझ्या किटमध्ये कॉकपिटभोवती पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, कोरलेल्या आहेत. प्रत्यक्षात तिथे पत्राच नव्हता. मॉस्किटो हे लाकडी विमान बनवणाऱ्या याच कंपनीने व्हॅम्पायरचा मधला भागही बाल्साच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी प्लायवुड चिकटवून घडवला आणि त्यावर कापड ताणून तो गुळगुळीत केला, तर पंख, बूम आणि शेपटी धातूची ठेवली. म्हणून पुढच्या रेषा पुटीने भरून, ओल्या सँडपेपरने बोटाला धार लागेनाशी होईपर्यंत घासल्या. पंखांवरच्या तशाच राहू दिल्या. २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफील्डहून पहिल्यांदा उडालेले हे जेट निम्मे लाकडी होते, हे मॉडेलवर दिसायलाच हवे.

दोन बूमची रचनाही हौसेखातर केलेली नव्हती. व्हॅम्पायरच्या, फ्रँक हॅलफर्ड यांनी आखलेल्या गॉब्लिन इंजिनात अपकेंद्री (हवा बाहेरच्या कडेकडे फेकून दाबणारा) कॉम्प्रेसर होता, त्यामुळे ते आखूड पण चांगलेच रुंद होते, आणि सुरुवातीच्या जेट इंजिनांचा जोर इतका बेताचा होता की लांब जेट पाइपमधून, म्हणजे इंजिनाचा झोत मागे नेणाऱ्या नळीतून, तो वाया घालवणे परवडणारे नव्हते. शेपटी बूमवर नेल्यामुळे पाइप इंजिनामागेच संपवता आला. मॉडेलकारांना मात्र याचा भुर्दंड पडतो, कारण मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून वजन भरायला नाकात जागा थोडी आणि मागे शेपटी लांब. शिशाचे तुकडे आसनाखाली आणि नाकाच्या अगदी टोकाला कोंबावे लागले.

रंगसंगती भारतीय हवाई दलाची घेतली आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली व्हॅम्पायर भारतात आली, ७ क्रमांकाची स्क्वॉड्रन त्यांवर सज्ज झाली आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये परवान्याखाली त्यांचे उत्पादन झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानविरुद्धच्या छांबच्या लढाईत हीच विमाने दिवसाउजेडी उतरवण्यात आली आणि त्यांतील चार गमवावी लागली. त्यानंतर त्यांना आघाडीवरून मागे घेण्यात आले. पाकिस्तानच्या सेबर जेट विमानांच्या टप्प्यात २२ वर्षांपूर्वीचे डिझाइन पाठवावे लागणे, यात वैमानिकांचा दोष मला तरी दिसत नाही.

मी मात्र पन्नासच्या दशकातील चंदेरी विमान करणार आहे. लाकडावरची चंदेरी छटा रंगाचीच असणार, त्यामुळे चकचकीत धातूचा रंग न वापरता एअरब्रशने मंद ॲल्युमिनियम द्यायचे ठरवले आहे. बूमच्या आतल्या बाजू आधी रंगवून घेईन, कारण नंतर तिथे फवारा नीट पोहोचत नाही.