अलंकार नाही

‘तो वाऱ्यासारखा धावत आला.’ या वाक्यातील अलंकार ओळखा आणि तक्ता पूर्ण करा. गुण तीन.

आठवीच्या घटक चाचणीत हा प्रश्न मी मुद्दाम सोपा काढला होता. अलंकार ओळखण्याला एक गुण आणि उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यवाचक शब्द या चार रकान्यांना अर्धा अर्धा. कवितेची धास्ती घेतलेल्या मुलांनाही इथे तीन गुण मिळावेत, एवढाच हेतू. बहुतेकांनी ते मिळवलेही. गठ्ठा तपासताना हात आपोआप चालतो: तो, वारा, वेग, सारखा, बरोबर, पुढे. मग एक उत्तरपत्रिका आली. तिच्यातले चारही रकाने कोरे होते आणि तक्त्याखाली लिहिलं होतं:

‘अलंकार नाही. कारण व्याख्येत चमत्कृतीपूर्ण वर्णन असं म्हटलं आहे. वाऱ्यासारखा धावत आला असं सगळेच रोज म्हणतात. ते ऐकून कुणाला वारा आठवत नाही. तो जोरात आला एवढंच कळतं.’

लाल पेन तसंच हातात राहिलं.

हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. कविता पाठ करायला सांगितली की चाल सोडून सपाट म्हणतो आणि मुलं हसतात. व्याख्या मात्र त्याने इतक्या बारकाईने वाचली होती, जितकी ती गाईड लिहिणाऱ्यांनीही कधी वाचली नसेल.

गाईडांबद्दल बोलायला हवं, कारण निम्मं दुखणं तिथलंच आहे. वर्गाबाहेरच्यांना वाटतं, अलंकार शिकवणं म्हणजे कवितेचं सौंदर्य उलगडून दाखवणं. प्रत्यक्षात बहुतेक मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या वहीत शब्दांची यादी आधीच उतरवलेली असते. सम, समान, सारखा, प्रमाणे, परी, तुल्य दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. ओळ वाचायचीच नाही, तिच्यात तो शब्द शोधायचा आणि त्याला गोल करायचा. मी एकदा फळ्यावर ‘हा मुलगा त्याच्या भावासारखा दिसतो’ असं लिहिलं, तर अख्ख्या वर्गाने एका सुरात ‘उपमा’ म्हटलं होतं. जुन्या शास्त्रकारांना हा घोळ ठाऊक होता. रानातला गवय हा प्राणी कधी न पाहिलेल्या माणसाला ‘तो गाईसारखा असतो’ असं सांगितलं की त्याला तो ओळखता येतो. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, हे ज्ञान मिळवण्याचं एक साधन आहे. साम्य भरपूर आहे, पण काव्यशास्त्र त्याला अलंकार मानत नाही, कारण त्यात चमत्कृती, म्हणजे मनाला चकित करून सुखावणारं काही, नाही. मी हे वर्गात सांगितलं होतं. भावाचं वाक्य म्हणजे माहिती, उपमा नव्हे, इतकं मुलांना पटलंही होतं. या मुलाने तीच पट्टी घेतली आणि मी प्रश्नपत्रिकेत घातलेल्या, सगळ्या जगाने उपमा म्हणून मान्य केलेल्या वाक्याला लावली.

शिक्षक खोलीत मी ती उत्तरपत्रिका आमच्या ज्येष्ठ सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, ‘‘हुशार आहे. शून्य द्या.’’

‘‘सर, कारण दिलंय त्याने.’’

‘‘बाई, विचारलंय ‘अलंकार ओळखा’. ‘आहे का’ असं विचारलेलं नाही. आज याला गुण दिलेत तर उद्या पन्नास जण ‘अलंकार नाही’ लिहून मोकळे होतील.’’

सर वाईट शिक्षक नाहीत. वृत्तं त्यांच्याइतकी सोपी करून सांगणारं मी कुणी पाहिलेलं नाही. लघुगुरू ते टाळ्यांवर शिकवतात आणि मुलं ते विसरत नाहीत. पण कवितेचा तास म्हणजे शब्दार्थ, भावार्थ, स्वाध्याय आणि संपलं, ही सवय त्यांनीच आमच्याकडे रुजवली.

गुण न देता मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तर नाव न सांगता वर्गात वाचून दाखवलं. हे कुणी लिहिलं ते मुलांना बहुधा कळलं. तो मान खाली घालून बसला होता.

त्या तासाला मला खरं तर रूपक पुढे न्यायचं होतं. मी सगळे साम्याचे अलंकार एकाच जोडीवर शिकवते आणि ही पद्धत मला स्वतःलाच फार आवडते, म्हणून जरा सांगते. डोंगरातली वाट आणि साप. वाट सापासारखी वळत गेली, ही उपमा. वाट म्हणजे जणू सापच, ही उत्प्रेक्षा. वाटेचा साप डोंगर चढत होता, इथे दोघांतलं अंतर गेलं, हे रूपक. ही वाट नव्हे, हा तर उन्हात सुस्तावलेला साप, असं म्हणून वाटेलाच नाकारलं की अपन्हुती. सापालाही जमणार नाहीत अशी हिची वळणं म्हटलं की व्यतिरेक. आणि या वाटेसारखी हीच वाट म्हणून हात टेकले की अनन्वय. वस्तू त्याच दोन. त्यांना एकमेकींच्या किती जवळ आणायचं, एवढंच बदलत जातं. हे फळ्यावर डावीकडून उजवीकडे मांडलं की सहा व्याख्या घोकाव्या लागत नाहीत. भरतमुनींनी उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले होते. पुढच्यांनी ते शंभरावर नेले. त्यातले किती तरी या जवळ आणण्याच्याच तऱ्हा आहेत.

त्या दिवशी फळा तसाच राहिला. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिला या प्रश्नात तीनपैकी तीन होते, हे तिला माहीत नव्हतं, मला होतं.

‘‘बाई, पण मला वारा दिसला.’’

‘‘कसा?’’

‘‘म्हणजे... मी पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा दिसला असेल. माझ्या धाकट्या भावाला आत्ता दिसेल. मग त्याच्यासाठी अलंकार आहे आणि याच्यासाठी नाही, असं कसं?’’

चमत्कृती ओळीत असते की ऐकणाऱ्यात, या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झालेत. सहृदय रसिकाची कल्पना त्यातूनच पुढे आली. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मागून मुलं आपापली वाक्यं फेकायला लागली होती. दगडासारखं मन. ‘‘मेलेली!’’ फुलासारखं बाळ. ‘‘मेलेली!’’ चंद्रासारखं मुख. यावर इतका हशा झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं. हा ‘मेलेली’ शब्द त्यांचा, माझा नाही. सारखं, प्रमाणे, परी शोधत बसणारी ही मुलं पहिल्यांदाच ओळ ऐकत होती आणि ती जिवंत आहे का, हे बघत होती.

मग खिडकीजवळचा एक जण उठला. हा अभ्यासात यथातथाच, पण गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत. म्हणाला, ‘‘बाई, तो वाऱ्यासारखा धावत आला आणि बाकावरची सगळ्यांची पानं उडाली.’’

वर्ग हसला. मी मान खाली घालून बसलेल्या त्या मुलाकडे पाहिलं. त्याने मान वर केली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘‘आता आहे.’’

इतकंच. त्याने त्याचं स्पष्टीकरण दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. पण इतकी वर्षं जे मला परिभाषेत सांगावं लागतं ते तिथे उघड झालं होतं. ‘सारखा’ दोन्ही वाक्यांत आहे, उपमेय तेच, उपमान तेच. दुसऱ्या वाक्यात मात्र वाऱ्याला काहीतरी करायला लावलंय, आणि म्हणून तो पुन्हा वारा झालाय. उरलेला तास मुलांनी मेलेल्या उपमा उठवण्यात घालवला. ‘दगडासारखं मन’ घेऊन एकीने लिहिलं, ‘तिचं मन दगडासारखं, उन्हात तापलं की रात्रीपर्यंत निवत नाही.’ ही ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे.

हा तास चांगला झाला, यात मला शंका नाही. शंका आहे ती गुणांबद्दल.

मी त्याला तीनपैकी दोन दिले. ओळखण्याचा एक पूर्ण, कारण त्याने व्याख्या वापरली. रकाने कोरे होते, तरी उपमानाचं काम काय, हे त्याच्या कारणात आलं होतं, म्हणून आणखी एक. सरांना ते पटलं नाही. त्यांचं सोडा, पहिल्या बाकावरच्या मुलीलाही पटलं नाही. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन म्हणाली, ‘‘तो बरोबर असेल तर माझं चूक ना?’’ मी म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे, तू वाक्याची रचना ओळखलीस, त्याने परिणाम तपासला. मोठ्या माणसांनी वेळ मारून नेली की मुलं जसा चेहरा करतात, तसा तिने केला आणि गेली. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर आजही नाही. चाचणीत एकाच प्रश्नाला एक मूल ‘आहे’ म्हणतं आणि दुसरं ‘नाही’, आणि मी दोघांनाही गुण देते, तर मग मी नक्की काय मोजलं?

सरांचं भाकीतही अर्धं खरं ठरलं. पुढच्या चाचणीत काही जणांनी सरळसरळ रूपकाच्या ओळीखाली ‘अलंकार नाही, चमत्कृती वाटली नाही’ असं ठोकून दिलं. त्यांना मी शून्य दिलं आणि तसं करताना मला जराही जड गेलं नाही. ओळ न वाचता ‘नाही’ म्हणणं आणि वाचून ‘नाही’ म्हणणं यांतला फरक चार ओळींच्या कारणात लगेच दिसतो. पण तो दिसायला तपासणाऱ्याने थांबावं लागतं, आणि एवढ्या गठ्ठ्यात थांबायला कुणाला परवडतं?

सत्राअखेरीच्या संकलित मूल्यमापनात आठवीचे पेपर सरांकडे होते. उपमेचाच प्रश्न, वाक्य वेगळं, तितकंच झिजलेलं. त्या मुलाने तक्ता पूर्ण भरला. उपमा, चारही रकाने अचूक. आणि खाली बारीक अक्षरात, ‘(परीक्षेपुरती)’.

सरांनी अर्धा गुण कापला. कारण विचारलं तर म्हणाले, वर एक आणि खाली दुसरं, हे विसंगत उत्तर झालं. मी म्हटलं, कंसातला शब्द म्हणजे उत्तर नव्हे, शेरा आहे. ते म्हणाले, शेरे मारायचा अधिकार आपला. आम्ही दोघंही हसलो, पण अर्धा गुण काही परत आला नाही.

या वर्षीच्या चाचणीसाठी मी प्रश्न बदलला आहे: ‘पुढील वाक्यात अलंकार आहे असे तुम्हाला वाटते का? कारण लिहा. नसल्यास, वाक्यात भर घालून तो आणा.’ अडलंय ते उत्तरसूचीवर. सर म्हणतात, सरळ लिहा, ‘विद्यार्थ्याच्या विचारानुसार गुण द्यावेत’. ही ओळ उत्तरसूचीत दिसली की तपासणारा उत्तर न वाचता पूर्ण गुण देऊन पान उलटतो. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.