झडती बाईनेच घ्यायची

मे 2021 चा दुसरा आठवडा. गोव्यात तेव्हा जवळजवळ दर दुसरी कोरोना चाचणी पॉझिटिव्ह येत होती. आमच्या तुरुंगाच्या महिला विभागात त्या दिवशी आम्ही तिघीच, बाकीच्या क्वारंटाईनमध्ये. ड्यूटी लावायचं काम माझ्याकडे.

तिघींतली एक सातव्या महिन्यात. फेब्रुवारीपासून आम्हाला लस मिळू लागली, तिला मात्र नाही. गरोदर बायकांना लसीची परवानगी मिळाली ती थेट 2 जुलैला. केंद्राने आदल्या वर्षीच आपल्या कार्यालयांना कळवलं होतं, गरोदर कर्मचाऱ्यांना येण्यातून सूट द्या, घरून काम द्या. आम्ही हसायचो, घरून कुलूप कसं लावणार? बाळंतपणाची रजा आताच संपवायला ती तयार नव्हती. मग मी तिला गेटपासून लांब, फोन आणि रजिस्टर देऊन बसवलं. झालं संरक्षण, असं मला वाटलं.

पण बाई कैद्याची झडती बाईनेच घ्यायची. गेटवर पुरुष गार्ड कितीही असोत, त्यांचा इथे उपयोग नाही.

दुपारी तिसरी एका आजारी कैद्याला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेली. मी बराकीत पाण्यावरून पेटलेलं भांडण मिटवत होते. तेवढ्यात पोलिसांची गाडी नवी कच्ची कैदी घेऊन आली. मी गेटवर पोचले तेव्हा आमची ही बाय हातमोजे घालून त्या बाईचा अंबाडा सोडून बोटांनी चाचपत होती. ती बाई खोकत होती, मास्क हनुवटीवर.

"अगो, तू कशाला?"

"मॅडम, गाडी कधीची खोळंबलीय."

मी तिला बाजूला केलं, पदर, चपला, पिशवी मी तपासली. रिपोर्ट मागितला तर पोलीस म्हणाले, स्वॅब दिलाय, उद्या येईल. उद्या आला, पॉझिटिव्ह.

चूक माझीच. मी नसताना झडती कोण घेणार, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे कागद ठेवला: रिपोर्टाशिवाय गेट उघडायचं नाही, आणि आमची बाई मोकळी नसेल तर सोबत आलेल्या महिला कॉन्स्टेबलने झडती घ्यायची, आम्ही लांबून बघू. साहेब कुरकुरले. तोंडी 'बरं' म्हणाले, मी सही होईपर्यंत हलले नाही.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. निगेटिव्ह. पुढे लगेच, "मॅडम, झडतीच्या रकान्यात माझी सही राहिली."

ती सही मी घेतलीच नाही.