दोन जादा मॉनिटर आणि आठ महिने

आधी एवढंच सांगते: जुने कागद नष्ट करण्यापूर्वी भंगार वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे मंजुरी घेऊन त्या रजिस्टरातून कमी करणं, उरकून घ्या. माझा क्रम उलटा झाला आणि आठ महिने गेले. अजून त्या फाईलचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

मी सिंधुदुर्गातल्या एका पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. भांडार आणि अभिलेख ही दोन्ही टेबलं माझीच. माझी वसुंधरा हे राज्य सरकारचं पर्यावरणाचं अभियान 2020 साली सुरू झालं, तेव्हापासून कचऱ्याबद्दलची पत्रं येत होती आणि फाईलला लागत होती. गेल्या वर्षी साहेबांनी मनावर घेतलं. वेंगुर्ल्याच्या कचरा डेपोची बाग होते, मग आपली रेकॉर्ड रूम का साफ होत नाही, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम माझ्याकडे आलं.

ओल्या कचऱ्याचं सांगण्यासारखं काही नाही. मागच्या फणसाखाली खड्डा केला, चहाचा चोथा तिकडे जायला लागला. मीटिंगमधल्या पाण्याच्या बाटल्या बंद करून पेले आणले. चार दिवसांत झालं.

कागदांना महिना लागला, पण रस्ता सरळ होता. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा त्याचे वर्ग ठरलेले आहेत: अ वर्ग कायम ठेवायचा, ब 30 वर्षं, क 10, क-1 पाच आणि ड एक वर्ष. आमच्याकडे ड वर्गातली आमंत्रणं आणि स्मरणपत्रंसुद्धा वीस-वीस वर्षं लाल रुमालात बांधून जपलेली. काही गठ्ठे उघडले तर आत कागद नव्हताच, वाळवीची माती होती. ज्यांच्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप किंवा कोर्टाचं प्रकरण आहे, ती प्रकरणं बाजूला काढली. बाकीची यादी केली, साहेबांची मंजुरी घेतली, कागद फाडून पोत्यात भरले आणि शिमग्याच्या आत रद्दी गेलीसुद्धा. हे काम मेपर्यंतच उरका. एकदा जुलैत रद्दीवाल्याला बोलावलं होतं, तर गठ्ठ्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, ह्या रद्दी नाय, ह्या लोणचा झाला." आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

तर कागद गेले आणि मी खुशीत संगणकांकडे वळले.

डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, जुने मॉनिटर सात. खोलीत मोजले तर नऊ. शिपाईकाकांनी मोजले, मी मोजले, पुन्हा नऊ. कमी भरले असते तर वसुलीची भीती. जादा भरल्यावर काय बिघडतं, असं मला वाटलं. प्रस्तावात सरळ "नऊ नग" लिहून तो वरच्या कार्यालयाला पाठवला.

दीड महिन्याने परत आला. त्रुटी: नोंद सातची, प्रस्ताव नऊचा, खुलासा करावा. बरोबर होतं त्यांचं. मी दोन काढून सातचा प्रस्ताव पाठवला. तो परत आला, कारण आता फोटोत नऊ दिसत होते. फोटो बदलला. मग विचारलं, उर्वरित दोन नग कुठे आहेत? मी लिहिलं, खोलीतच आहेत. त्यावर उत्तर: ते कार्यालयाचे नसल्यास कोणाचे, आणि असल्यास नोंद का नाही?

चौकशी करता कळलं, ते संग्रामचे. संग्राम म्हणजे संगणकीकृत ग्रामीण महाराष्ट्र, ग्रामपंचायतींत संगणक आणणारी 2011 ची योजना. पुढे ती जाऊन आपले सरकार सेवा केंद्रं आली, तेव्हा कुठल्याशा ग्रामपंचायतीने बंद पडलेले दोन मॉनिटर आमच्याकडे आणून टाकले. पत्र नाही, पोच नाही. घेणारे कधीच निवृत्त झालेले. वरून फर्मान आलं, मूळ खरेदीचं बिल किंवा पुरवठ्याचं पत्र जोडा, म्हणजे किंमत आणि घसारा धरता येईल.

ते पत्र आमच्याकडे होतं. माझ्याच अक्षरातल्या नष्ट करायच्या यादीत होतं, अमुक अमुक क्रमांकावर, दहा वर्षं उलटलेलं म्हणून. सही साहेबांची, सगळं नियमाप्रमाणे. ते पत्र आता फाडून, पोत्यात भरून, फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलं होतं.

मी रडायची बाकी राहिले. फोन केला तर तिकडचे बाबू म्हणायचे, "साहेब मीटिंगला आहेत." पाऊस लागला. प्रत्यक्ष गेले तर, "चतुर्थी झाल्यावर बघू." चतुर्थीआधी पंधरा दिवस कोकणातल्या ऑफिसात कुणाचं चित्त टेबलावर नसतं, माझंही नव्हतं, पण तसं तोंडावर ऐकलं की संताप येतोच. दरम्यान रेकॉर्ड रूमची कौलं गळायला लागली. नको असलेल्या मॉनिटरांवर आम्ही ताडपत्री घातली, पुढे कुणी "वस्तू खराब कशी झाली" विचारू नये म्हणून.

सुटका केली ती शेजारच्या तालुक्यातल्या एका निवृत्त अधीक्षकांनी. लग्नात भेटले. म्हणाले, "अगो, जे रजिस्टरात जमा नाही ते खर्ची कसं टाकशील? आधी जमा कर." वार्षिक प्रत्यक्ष पडताळणीत जादा आढळलेल्या वस्तू म्हणून दोन्ही मॉनिटर अंदाजी किंमत लावून रजिस्टरला घ्यायचे, साहेबांची सही घ्यायची आणि मग त्याच रजिस्टरावरून निर्लेखनाला पाठवायचे. म्हणजे मेलेल्याचा आधी जन्मदाखला काढायचा, मग मृत्यूचा. तसं केलं. मंजुरी तीन आठवड्यांत आली. हे वाक्य वरच्या कार्यालयातल्या एकालाही आठ महिन्यांत सुचलं नाही, की सुचूनही सांगितलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रत्येक नगाच्या पाठीमागच्या सिरीयल नंबरचा जवळून फोटो काढा, हे मघाशीच सांगायला हवं होतं. पुसट झाला असेल तर खडूची पूड चोळा, दिसतो. सीपीयू देण्याआधी हार्डडिस्क काढून वेगळी ठेवा. आमच्या एका डिस्कवर लाभार्थ्यांची अख्खी यादी निघाली.

मंजुरी आली म्हणून नाक्यावरच्या भंगारवाल्याला बोलावू नका. तो बिचारा पैसे जास्त देतो, पण वायर जाळून तांबं काढतो आणि जुन्या मॉनिटरची काच परसात फोडतो. त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे माल नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचा. नऊ मॉनिटरांसाठी घाट उतरून कुणी येत नाही, म्हणून शेजारच्या तीन कार्यालयांना फोन केले. सगळ्यांकडे ढीग, एकाचंही निर्लेखन झालेलं नाही. दोघांना मीच प्रस्ताव लिहून दिले, त्यांचे आमच्या आधी मंजूर झाले असते तर मात्र मी नोकरी सोडली असती. दिवाळीनंतर गाडी आली. वजनाची पावती आणि माल मिळाल्याचं पत्र तिथल्या तिथे घेतलं, पैसे चलनाने भरले.

रजिस्टरला लाल शाईने शेरा मारताना शिपाईकाका मागे उभे होते. म्हणाले, "आता त्या ट्यूबांचा काय?"

चाळीसेक जळक्या ट्यूब कोपऱ्यात उभ्या आहेत. आत पारा असतो, कचऱ्यात टाकता येत नाहीत. गाडीवाल्याने नेल्या नाहीत. रजिस्टरला किती आहेत ते मी अजून बघितलेलं नाही.