लीडसाठी कुठला पिकअप टाकू?

नाशिकच्या कॉलेज रोडला चहा घेताना असो की पंचवटीत कुणाच्या तरी गच्चीवर प्रॅक्टिस चालू असताना, गिटारवालं पोर गप्पांच्या शेवटी हमखास विचारतं, "दादा, गेन वाढवला की लीड चिरकतं. स्मूद टोनसाठी कुठला पिकअप टाकू?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि वेटोळं, तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं. गेन म्हणजे तो सिग्नल किती चढवून फाटवायचा ते, आणि लीड म्हणजे एकेक नोट वाजवत केलेली सुरावट.

गेन हवा म्हणजे पिकअप जास्तीत जास्त हॉट, म्हणजे जोरदार सिग्नल देणारा हवा, असं बहुतेकांनी धरून ठेवलेलं असतं. एके काळी ते खरंही होतं. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप १९७२ साली आला, तेव्हाच्या अँपमध्ये मुळात गेन कमी. अँप फाटायचा तर गिटारमधूनच दणकून सिग्नल जायला हवा. आता स्वस्तातल्या मल्टिइफेक्टमध्येही (अनेक इफेक्ट एकत्र देणाऱ्या डब्यातही) गेन उतू जातो. त्यावर आणखी हॉट पिकअप चढवला की जाड तारांचा लगदा होतो, आणि पिक हळू मारा नाहीतर जोरात, आवाज एकच.

ओहमचे (पिकअपच्या तारेच्या रोधाचे) आकडे बघून तर पिकअप घेऊच नका. तांब्याच्या तारेचे वेढे वाढले की आउटपुट वाढतं, मिड्स (मधल्या पट्टीतले आवाज) पुढे येतात आणि वरची ट्रेबल कमी होते, इथवर ठीक. पण तार बारीक घेतली तरी ओहम वाढतात. गिब्सनच्या जुन्या पीएएफ हंबकरमध्ये (हंबकर म्हणजे हम कापणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) ४२ गेजची तार असायची, रीडिंग साडेसात-आठ किलोओहमच्या आसपास. सेमूर डंकन कंपनीच्या जेबी पिकअपमध्ये त्याहून बारीक ४४ गेजची तार, रीडिंग सोळाच्या वर. ओहम दुप्पट आहेत म्हणून जेबी दुप्पट जोराचा ठरत नाही. उलट काही गिटारींमध्ये त्याचे वरचे मिड्स कानात घुसतात. म्हणूनच तो बसवताना कित्येक जण ५०० किलोओहमऐवजी २५० चा व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबखालचा बदलता रोध) लावतात. पॉट किरकोळ किमतीचा असतो. पिकअपच्या भानगडीत पडण्याआधी तो बदलून बघायला काहीच हरकत नाही.

त्याआधी फुकटातलं एक काम करा. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू फिरवून तो खाली घ्या. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पिकअपच्या वर दिसणाऱ्या धातूच्या खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. स्टीलची पट्टी नको, मॅग्नेट ती ओढून घेतो. कंपासपेटीतली प्लास्टिकची घ्या. बहुतेक गिटारींत पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेला सापडतो. ब्रिजला (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिकडच्या पिकअपला) अडीच मिलिमीटर आणि नेकला (मानेकडच्या पिकअपला) तीनच्या आसपास ठेवून बघा, मग अर्धा-अर्धा फेरा करत कानाने ठरवा. पिकअप खाली गेला की सिग्नल थोडा कमी होतो, पण नोटच्या सुरुवातीचा टणत्कार बोथट होतो. शिवाय मॅग्नेटची तारेवरची ओढ कमी झाल्याने नोट मोकळी वाजते, लांब टिकते.

एवढं करूनही चिरकत असेल, तर आधी नेकचा पिकअप बदला. ब्रिजपाशी तार जेमतेम हलते, तिथे मूळ स्वर कमी आणि वरचे हार्मोनिक्स जास्त मिळतात. नेककडे स्वर भरीव येतो. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर, ट्रेबल थोडी खाली घेऊन नेकचा हंबकर वाजवा, निम्मं काम तिथेच होतं. मी नेकला अल्निको २ (अल्निको हा चुंबकाचा मिश्रधातू) मॅग्नेटचा, पीएएफच्या घडणीचा पिकअप लावतो. डंकनचा अल्निको टू प्रो त्यातलाच. ब्रिजलाही लीडच वाजवायचं असेल तर मिड्स भरपूर असलेला अल्निको ५ चा, डिमार्झिओच्या टोन झोनसारखा. सिरॅमिक मॅग्नेट वाईट नाही, पण त्याचा नेमका, कडक अटॅक (नोटची सुरुवात) रिफला, म्हणजे परत परत वाजणाऱ्या तुकड्याला, जास्त शोभतो.

ईएमजी कंपनीचे ॲक्टिव्ह पिकअपही (आत बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप असलेले) बरेच जण विचारतात. गुणगुण जवळजवळ करत नाहीत, नऊ व्होल्टची बॅटरी लागते, पॉट २५ किलोओहमचे लागतात. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने त्यांचेच सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे पिकअप) कित्येक वर्षं वापरले, तेव्हा स्मूद टोनसाठी हंबकरच हवा असंही नाही. आपल्या बाजूच्या जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो. तिथे हाय गेनला साधा सिंगल कॉइल ५० हर्ट्झचा असा काही गुणगुणतो की दोन नोटांच्या मधली शांतता संपलीच. हंबकर तो चुंबकीय हम कापतो, पण सदोष अर्थिंगचा इलाज गिटारमध्ये नाही, भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. तिथे आधी वायरमन बोलवा.

घरीच सोल्डरिंग करणार असाल तर वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात हे लक्षात ठेवा. डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकमेकांना जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची. हिरवी दोन्हीकडे ग्राउंडला. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावलेत आणि पिकअप स्विच मधोमध (दोन्ही चालू) ठेवल्यावर आवाज नाकात बोलल्यासारखा बारीक आला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना कापतात. एका पिकअपची हॉट आणि ग्राउंड वायर आपसात बदला. त्याची उघडी शील्ड वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.